तांबे, पितळ आणि जर्मन

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले, तेव्हा छायाचित्रे रंगीत ठेवायची की कृष्णधवल करायची, हा प्रश्न माझ्यापुढे नव्हताच. तांब्याचे काम टिपायला निघालेल्या माणसाने ते रंगातच टिपावे, त्यातही आम्ही हौशी मंडळी ज्याला सरसकट ‘वॉर्म टोन’ म्हणतो त्या उबदार छटेत टिपावे, यात विचार करण्याजोगे काय आहे, असेच मी धरून चालले होते. पुढच्या पाच महिन्यांत या एका प्रश्नाने माझा जितका वेळ घेतला, तितका प्रत्यक्ष छायाचित्रे काढण्यानेही घेतला नाही.

मी नोकरीने लेखापाल आहे आणि छायाचित्रण हा माझा शनिवारचा उद्योग आहे. आमच्या तिघांच्या गटाने मिळून एक छोटे प्रदर्शन करायचे ठरवले होते आणि माझ्या वाट्याला अठरा चित्रांची जागा आली होती. तांबट आळी घरापासून चालत वीस मिनिटांवर, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. पेशवाईच्या काळापासून त्वष्टा कासार समाजाचे तांबट येथे भांडी घडवत आले आहेत, आणि कारखाने आता थोडेच उरले असले तरी आळी दिसण्याच्या आधी कानावर येते ती अजूनही ठोक्यांमुळेच. मी ज्या कारखान्यात जात असे, तो जेमतेम दहा फूट रुंद होता. तेथले साठीच्या पुढचे कारागीर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, आणि त्यांचा पंचविशीतला पुतण्या, असे दोघे काम करीत. भिंतीवर अण्णांच्या आजोबांचा एका जुन्या स्टुडिओत काढलेला तपकिरी फोटो होता. त्याच्याकडे मी तेव्हा फारसे लक्ष दिले नाही.

कामाची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ त्या कामाच्या स्वरूपातूनच झाला. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की तो कडक होतो आणि तसाच ठोकत राहिले तर चिरतो. म्हणून मध्ये मध्ये त्याला भट्टीत लाल होईपर्यंत ताव द्यावा लागतो. तावलेला पत्रा थंड झाला की त्यावर काळपट, कुठे जांभळट पापुद्रा असतो. तो चिंचेच्या पाण्याने घासून काढला की आतून जे तांबे निघते ते आपल्या देवघरातल्या तांब्यासारखे नसते, तर चक्क गुलाबी असते, सोललेल्या डाळिंबाच्या सालीची आतली कड जशी असते तसे काहीसे, आणि तासाभरात हवेने त्याचा रंग बदलू लागतो. भांडे आकाराला आले की शेवटी मठारकाम. एका लहान, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने, एकाला एक लागून असे ठोके मारत जायचे की प्रत्येक ठोक्याचा एक चपटा ठसा उमटतो. त्याने पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला ती ओळखीची, शेकडो लहान आरसे लावल्यासारखी चमक येते.

पहिल्या चार शनिवारी मी साडेसहाशेच्या आसपास छायाचित्रे काढली. घरी येऊन संगणकावर पाहिली तर तांबे मेलेले. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे चित्राचे रंग सावरून घेण्याची सोय, मी ‘ऑटो’वर ठेवला होता, आणि चौकटभर तांबेच तांबे दिसल्यावर बिचाऱ्या कॅमेऱ्याने असा समज करून घेतला की येथला उजेडच तांबूस आहे आणि तो सुधारून द्यायला हवा. त्याने सगळ्या चित्रात निळसर छटा मिसळून तांब्याची लाली खाऊन टाकली होती. मी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, काढत असल्यामुळे नुकसान कायमचे नव्हते. सॉफ्टवेअरमध्ये कलर टेंपरेचरचा, म्हणजे उजेडाचा रंग केल्विन या एककात सांगण्याचा, स्लायडर आहे. तो मी ४३०० केल्विनवरून ६८०० वर नेला आणि चित्र एकदम जिवंत झाले.

या केल्विनच्या आकड्यांनी माझा सुरुवातीला बराच घोळ केला होता, म्हणून थोडे विषयांतर करते. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, जुन्या पिवळ्या बल्बचा २८०० च्या आसपास, दुपारच्या उन्हाचा ५५०० आणि मोकळ्या आकाशाखालच्या सावलीचा ७००० च्या पुढे. म्हणजे आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा. पण सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवला की चित्र पिवळे होते. कारण तेथे आपण चित्राला रंग देत नसतो; ‘उजेड इतका निळा होता’ असे आपण त्या सॉफ्टवेअरला सांगत असतो आणि ते त्या निळेपणावर उतारा म्हणून पिवळेपणा घालते. मी त्याला ६८०० असे सांगत होते, तेव्हा खरे तर खोटी साक्ष देत होते.

पण त्या वेळी साक्षीचा विचार कोण करतो? चित्रे सुरेख दिसत होती. सावल्यांमध्ये मी थोडा तपकिरी रंग मिसळला, उजळ भागांत मधाची छटा दिली, आणि धुरकट खोली, भट्टी, घामेजलेले खांदे, सगळे एका गुळाच्या ढेपेतून कापून काढल्यासारखे एकजीव झाले. घरच्यांना आवडले. गटातल्या दोघांनी ‘कॅलेंडर करावे असे झाले आहे’ म्हणून पाठ थोपटली, आणि त्या शब्दातला धोका मला तेव्हा कळला नाही. पाचव्या शनिवारी मी त्यांतल्या बारा चित्रांचे लहान प्रिंट काढून अण्णांना दाखवायला नेले.

अण्णांनी हात लुंगीला पुसले, प्रिंट एकेक करून पाहिले आणि एका बंबाच्या चित्रावर थांबले. पाणी तापवायचा जुन्या पद्धतीचा बंब, मध्ये निखाऱ्यांची नळी, अंग तांब्याचे आणि खाली पितळेची तोटी. ते चित्र त्यांनी दाराशी उजेडात नेऊन पाहिले.

“ताई, हा बंब कुठला?”

“तुमचाच, अण्णा. मागच्या आठवड्यात तयार झाला तो.”

“माझा नाही. माझा तांब्याचा होता. हा पितळेचा आहे.”

मी हसले, पण ते थट्टा करीत नव्हते. त्यांनी तोटीवर बोट ठेवले आणि ते सरकवत बंबाच्या अंगावर नेले. “तोटी कुठं संपली आणि बंब कुठं सुरू झाला, दाखवा मला.” खरोखरच दाखवता येत नव्हते. प्रत्यक्षात ज्या दोन धातूंमधला फरक रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळला असता, ते दोन्ही माझ्या चित्रात एकाच मधाळ रंगाचे झाले होते. “तांब्याला लाली असते, नव्या तांब्याला तर गुलाबी झाक असते. पिवळं पडलं की ते पितळ,” एवढे बोलून ते कामाला लागले.

घरी येऊन मी त्या चित्राचे आकडे पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. तांब्याची लाली गुलाबीकडे झुकते ती तिच्यात थोडा निळा अंश असतो म्हणून. मी टेंपरेचर वाढवत नेले तेव्हा नेमका तो निळा अंश कमी होत गेला आणि जे उरले ते पिवळट नारिंगी होते. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, आणि मी तेच काम स्लायडरने केले होते.

या फजितीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. रंगच नको, म्हणजे रंगाचा खोटेपणाही नको, असा काहीसा हिशोब मनात होता. शिवाय श्रमाची चित्रे कृष्णधवल असावीत, हा एक संस्कार आपल्यावर झालेलाच असतो. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर केलेले कृष्णधवल काम ज्याने पाहिले आहे, त्याला त्या चित्रांत रंग असते तर काय झाले असते, याचा अंदाज येऊ शकतो. कचऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या भडक पिशव्यांनी डोळा माणसावरून ओढून नेला असता. उलट बाजूला रघुबीर सिंह होते. १९४२ ते १९९९ या त्यांच्या आयुष्यातली जवळजवळ सगळी छायाचित्रणाची कारकीर्द त्यांनी रंगातच केली, आणि भारतीय नजरेला रंग वजा करून पाहणे मुळातच परके आहे, अशी त्यांची ठाम भूमिका होती. ही भूमिका मला पटते आणि ओलवे यांची चित्रेही पटतात. त्यामुळे थोरांकडे पाहून माझा प्रश्न सुटण्याची काही शक्यता नव्हती.

सगळी चित्रे मी कृष्णधवल करायला घेतली. एक बटण दाबले की रंग जातो, ही समजूत पहिल्याच संध्याकाळी गेली. रंगीत चित्राचे करडे चित्र करताना सॉफ्टवेअर तांबडा, हिरवा आणि निळा यांना सारखे मोजत नाही. डोळ्याच्या संवेदनेला धरून नेहमीच्या हिशोबात हिरव्याला ५९ टक्के, तांबड्याला ३० आणि निळ्याला अवघे ११ टक्के वजन देतात. तांब्याची सगळी श्रीमंती तांबड्यात, त्यामुळे या हिशोबात तांबे मध्यम, मळकट करडे होते. बंबाचा प्रिंट पाहून अण्णांनी या वेळी काही विचारलेही नाही. “हे तर जर्मनचं झालं की हो,” एवढेच म्हणाले आणि पुतण्या खो खो हसला. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आपल्याकडे जर्मनचे पातेले म्हणतात. तांबटाच्या तोंडी तो शब्द किती तुच्छतेने येतो हे ऐकल्याशिवाय कळायचे नाही.

उपाय अर्थातच होता. कृष्णधवल करताना प्रत्येक मूळ रंगाला किती उजळ किंवा गडद उतरवायचे, हे वेगवेगळ्या स्लायडरने ठरवता येते. फिल्मच्या काळात भिंगापुढे तांबडी किंवा पिवळी काच लावून हेच करीत. मी नारिंगी वर नेला आणि तांबे झळाळून उठले, पण त्याबरोबर अण्णांचा चेहरा, मान, दंड, सगळेच उजळले. आपल्या कातडीचा रंग मूळचा नारिंगीच्याच घरातला, फक्त कमी उजळ. तांबे उजळवायला गेले की माणूस गोरा होतो. भट्टीपुढे चाळीस वर्षे काढलेला सावळा माणूस माझ्या पडद्यावर एखाद्या साबणाच्या जाहिरातीत शोभेल असा दिसत होता. नारिंगी खाली नेला तर त्याच्या तोंडावरचा प्रत्येक घामाचा ओघळ, प्रत्येक सुरकुती नाट्यमय गडद होऊन तो होता त्याहून दहा वर्षांनी थकलेला दिसे, आणि तांबे लोखंड होई. हे दुसरे चित्र प्रदर्शनात जास्त वाहवा मिळवते, हे मला ठाऊक आहे. कष्टकऱ्याला असे काळवंडून दाखवण्याची आपल्या हौशी मंडळींमध्ये जी सवय आहे, तिचा मला तेव्हापासून वीट आला आहे.

शेवटी मी नारिंगी स्लायडर होता तेथेच, शून्यावर ठेवला, तांबडा थोडा वाढवला, आणि भांड्यापुरता भाग वेगळा निवडून त्याची फक्त चमक उचलली. डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मवरून कागदावर चित्र उतरवण्याच्या अंधाऱ्या खोलीत, हाताचा आडोसा करून कागदाच्या एखाद्या भागाला कमीजास्त उजेड देत, त्याचेच हे आजचे रूप. एका चित्राला पाऊण तास लागे. निळ्याला मात्र हात लावायचा नाही, हे मी चुकून शिकले. पिवळ्या उजेडात काढलेल्या चित्रात निळ्या भागाकडे माहिती इतकी कमी असते की त्याला ताण दिला की सगळीकडे रव्यासारखे दाणे उठतात.

आता माझ्याजवळ एकाच चित्राच्या दोन-दोन आवृत्त्या झाल्या होत्या आणि मी रोज रात्री मत बदलत होते. एका रविवारी मी साठ चित्रांचे पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढले, बैठकीतली सतरंजी गुंडाळली आणि फरशीवर जोड्या लावल्या. कोणते ‘छान दिसते’ असे विचारले की उत्तर दर वेळी वेगळे येई, म्हणून मी प्रश्न बदलला. या चित्रातून रंग काढला तर बघणाऱ्याला कोणती गोष्ट कळायची राहील, आणि रंग ठेवला तर कोणती गोष्ट नजरेआड होईल, एवढेच प्रत्येक जोडीला विचारायचे ठरवले.

तावाचे चित्र लगेच सुटले. भट्टीतून बाहेर येणाऱ्या पत्र्याची कड भगवी, मध्ये गडद तांबडा, आणि चिमट्याजवळ काळा. कारागीर त्या रंगावरूनच ताव ओळखतो, त्याच्याकडे दुसरे मोजमाप नाही. कृष्णधवलात तो पत्रा म्हणजे नुसता एक पांढरा तुकडा होता. चिंचेच्या पाण्यातून निघालेल्या गुलाबी परातीचेही तेच, आणि बंबाचे तर अण्णांनीच सांगून ठेवले होते. तोटी आणि अंग वेगळे दिसायचे असेल तर रंगाला पर्याय नाही.

मठारकामाची चित्रे नेमकी उलटी निघाली. रंगीत आवृत्तीत डोळा तांब्याच्या रंगावर इतका लोभावतो की घडा हा एक तांबूस गोळा होऊन बसतो. त्यातला रंग काढला तेव्हा ओळी दिसल्या. गळ्याशी ठसे बारीक, पोटावर मोठे, बुडाकडे पुन्हा दाट. एका ठिकाणी ओळ किंचित वर चढलेली आणि पुढच्या चार ठोक्यांत सावरून घेतलेली. प्रत्येक ठशात दाराचा उजेड टिंबासारखा उतरला होता. ते टिंब ठशाच्या ज्या कडेला आहे त्यावरून हातोडीचा कल कळत होता. हे चित्र मी महिनाभर रंगात पाहत होते आणि मला त्यातले काही दिसले नव्हते.

माणसांच्या चित्रांबाबत मला प्रामाणिकपणे सांगायला हवे की त्यांतली चारपाच कोणत्याही उदात्त कारणाने कृष्णधवल झाली नाहीत. दाराकडून सावलीतला निळसर उजेड, छताला पांढऱ्या ट्यूबचा हिरवट उजेड आणि खालून भट्टीचा शेंदरी उजेड, असे तीन उजेड एकाच चेहऱ्यावर पडलेले असताना व्हाइट बॅलन्स कुणाच्या बाजूने करायचा? दाराची बाजू बरोबर केली की हनुवटी केशरी होते, भट्टीची बरोबर केली की कान निळा पडतो. ही चित्रे मी कृष्णधवल केली ती भांडण मिटवण्यासाठी. पुढे प्रदर्शनात एका गृहस्थांनी त्यांतल्याच एका चित्रापुढे उभे राहून ‘रंग काढल्यामुळे माणसाचा आत्मा दिसतो’ असे सांगितले, तेव्हा मी मान डोलावली. ट्यूबलाइटचा उल्लेख केला नाही.

रंगीत ठेवायच्या चित्रांसाठी मात्र मला पुन्हा आळीत जावे लागले. या वेळी मी रंगाची कसलीच झाक नसलेले एक करडे कार्ड नेले, प्रत्येक जागेच्या उजेडात आधी त्या कार्डाचे एक छायाचित्र घेतले आणि पुढची सगळी त्याच्या हिशोबाने बेतली. ट्यूब बंद करायची परवानगी अण्णांनी आनंदाने दिली, वीज वाचली म्हणाले. उबदार छटा मी सोडली असे नव्हे. भट्टीसमोर जी होती ती राहू दिली, दाराशी जी नव्हती ती घातली नाही. हे ऐकायला सोपे वाटते, पण पडद्यावर उदास दिसणारी खरी गुलाबी परात तशीच ठेवण्यासाठी स्वतःचा हात आवरावा लागतो.

अठरापैकी अकरा कृष्णधवल आणि सात रंगीत, असा हिशोब ठरला. गटातले आमचे ज्येष्ठ मित्र, ज्यांचे निम्मे आयुष्य डार्करूममध्ये गेले आहे, त्यांना हे मुळीच पसंत नव्हते. एका मालिकेत एकच भाषा हवी, असे त्यांचे म्हणणे. तत्त्व म्हणून ते बरोबर असेल. पण एकसारखेपणासाठी तावाचा रंग पुसून टाकायचा किंवा मठाराच्या ओळी रंगात बुडवायच्या, हे मला मान्य होईना. सात रंगीत चित्रे आम्ही एका बाजूच्या लहान भिंतीवर एकत्र लावली, त्यामुळे डोळ्याला दर पावलाला धक्का बसला नाही.

छपाईत आणखी एक धडा मिळाला. पहिले प्रिंट मी खरखरीत मॅट कागदावर काढले, कारण त्याला एक भारदस्तपणा असतो. परंतु मॅट कागदावर काळा रंग तितका खोल उतरत नाही, आणि काळा खोल नसेल तर त्याच्या शेजारची चमकही चमक वाटत नाही. मठारकामाचे घडे त्या कागदावर मातीचे दिसू लागले. अर्धचकचकीत कागदावर पुन्हा छापले तेव्हा ते धातूचे झाले. कृष्णधवल प्रिंट रंगीत शायांतून छापून घेऊ नयेत, हेही तेथेच कळले. एका खिडकीत ते हिरवट दिसत आणि दिव्याखाली जांभळट. ज्या यंत्रात करड्या शायांच्या तीन वेगळ्या बाटल्या असतात, त्यावर छापल्यावर हा विकार गेला.

एवढे करूनही प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, एका कलादालनात चित्रे टांगून दिवे लावल्यावर माझ्या पोटात गोळा आला. तेथले दिवे पिवळे होते, ३००० केल्विनच्या घरातले, आणि त्यांच्या उजेडात माझी कष्टाने जपलेली गुलाबी परात पुन्हा पितळेची दिसत होती. दालनाच्या माणसाला दोष देण्यात अर्थ नव्हता. दिवे आधी पाहून यायला हवे होते. आमच्या ज्येष्ठ मित्रांनी कुठूनतरी पांढऱ्या उजेडाचे चार दिवे आणले आणि त्या लहान भिंतीपुरते बदलून दिले. एकच भाषा हवी म्हणणाऱ्या माणसाने रात्री साडेनऊला शिडीवर चढून माझ्या दुसऱ्या भाषेची सोय केली, हे मी विसरणार नाही.

अण्णा आणि पुतण्या दुसऱ्या दिवशी दुपारी आले. रंगीत भिंतीपुढे अण्णा थोडा वेळच थांबले, बंबाची तोटी पाहिली, मान हलवली. मग ते मठारकामाच्या मोठ्या कृष्णधवल चित्राकडे गेले आणि काचेला नाक लागेल इतके जवळ जाऊन गळ्यापासून खाली बोटाने ओळी मोजू लागले. ती वर चढलेली ओळ आली तेव्हा पुतण्याकडे न बघताच म्हणाले, “हा घडा मी नाही केलेला. हा तुझा हात आहे.” पुतण्याने कबूल केले. हे जर्मनचे आहे, असे या वेळी कुणी म्हणाले नाही.

निघताना त्यांनी एक चित्र मागितले आणि माझी अपेक्षा चुकली. त्यांना मठारकामाचे नको होते, तावाचेही नको होते. ऐरणीशी बसलेल्या त्यांच्या स्वतःच्या चित्राची त्यांनी निवड केली, आणि तेही “आजोबांचा आहे तसल्या रंगात” करून मागितले. म्हणजे ज्या तपकिरी उबदार छटेला मी पाच महिन्यांपूर्वी हद्दपार केले होते, तीच.

मी तो जुना फोटो या वेळी भिंतीवरून उतरवून नीट पाहिला आणि ज्येष्ठ मित्रांनाही नेऊन दाखवला. जुने फोटो दोन तऱ्हांनी तपकिरी होतात. नीट न धुतलेल्या कागदात रसायन उरले तर चित्र कडांपासून डागाडागांनी पिवळे पडते. तो रोग आहे. दुसरी तऱ्हा मुद्दाम केलेली, सेपिया टोनिंगची, ज्यात चित्रातल्या चांदीचे (जुन्या कृष्णधवल फोटोतला काळा रंग चांदीच्या बारीक कणांचा असतो) गंधकाशी संयोग करून सिल्व्हर सल्फाइड करतात. ते चांदीपेक्षा टिकाऊ, म्हणून चांगले स्टुडिओ जादा पैसे घेऊन ते करून देत. आजोबांच्या फोटोतला तपकिरी रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखा होता. डोळ्यांची बुबुळेसुद्धा दाट चॉकलेटी होती. “हे टोनिंग आहे, शाईने याची नक्कल करू नका,” मित्र म्हणाले.

तेव्हा आम्ही माझ्या फाइलवरून पारदर्शक फिल्मवर मोठी निगेटिव्ह छापली, ती चांदीच्या क्षारांचा थर असलेल्या फोटोच्या कागदावर दाबून त्यांच्या न्हाणीघरातल्या डार्करूममध्ये प्रिंट केला, आणि तो कृष्णधवल प्रिंट पहिल्या, चित्र विरवणाऱ्या रसायनाच्या तबकात सोडला. दोन मिनिटांत अण्णा विरत गेले. खांदे गेले, हातोडी गेली, फिकट पिवळसर कागदावर ओठांची आणि पापण्यांची पुसट रेघ तेवढी राहिली. मग पाण्याखाली धुऊन दुसऱ्या, सल्फाइडच्या तबकात टाकला, आणि काही सेकंदांत सगळे परत आले, तपकिरी होऊन. सडक्या अंड्यांचा असा वास घरभर पसरला की वहिनींनी आम्हा दोघांना चहासुद्धा विचारला नाही.

शनिवारी मी तो चौकटीत घालून आळीत नेला. अण्णांनी तो आजोबांच्या शेजारी धरून पाहिला, मग भट्टीकडे पाहिले. “धुरानं काळा पडेल का हो, ताई?”

मी सांगितले की चांदीला धुरातल्या गंधकाची भीती असते, पण यातल्या चांदीला आम्ही आधीच गंधक चढवून ठेवले आहे, त्यामुळे धुराला खायला आता फारसे काही उरलेले नाही.

“म्हणजे कल्हई केली म्हणा की,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी भट्टीच्याच भिंतीवर खिळा ठोकला.